महाराणी रोडवरची वूफर-दुरुस्ती: हाय-फाय जोडीसाठी कोणतं काम द्यावं, कोणतं देऊ नये

इंदूरमध्ये बंद पडलेला वूफर (खालचे स्वर देणारा मोठा स्पीकर) घेऊन महाराणी रोडला गेलं की बहुतेक काउंटरवर एकच उत्तर मिळतं: "कोन-कॉइल दोनों डल जाएगा, कल शाम को ले जाना." म्हणजे पुढचा हलणारा कोन आणि त्याला हलवणारी तारेची कॉइल, दोन्ही नवी. डीजेच्या किंवा मंडपाच्या पंधरा इंची स्पीकरसाठी हे उत्तर बरोबर आहे. तिथे आवाज मोठा हवा, माल टिकाऊ हवा, आणि या बाजाराचा हात त्याच कामावर बसलेला आहे. पण घरच्या जुन्या हाय-फाय जोडीतल्या साडेसहा इंची वूफरवर हाच इलाज केला, तर वूफर वाजायला लागतो आणि जोडी मात्र कायमची विजोड होते.

त्यामुळे इथे एखाद्या दुकानाला गुण देण्यापेक्षा कामागणिक निकाल देणं जास्त उपयोगाचं. लीड वायर (कोनपर्यंत जाणारी मऊ वायर) बदलणं: निश्चिंत द्या. कॉइल बांधून घेणं: चांगलं होतं, पण अटी आधी बोलून. फोमची किनार बदलणं: रिंग आपण नेली तर चांगलं. क्रॉसओव्हर (स्पीकरच्या भागांमध्ये खालचे-वरचे स्वर वाटणारा बोर्ड): देऊ नका. पूर्ण 'कोन-कॉइल': हाय-फायला अजिबात नको. आणि या सगळ्याच्या आधी एक गोष्ट: सेकंडहँड जोडीतले 'मेलेले' म्हणून आणलेले कितीतरी वूफर मेलेले नसतातच. ते घरीच ओळखता येतं, आणि काउंटरवर वूफर ठेवायच्या आधी ते ओळखायलाच हवं.

टू-वे स्पीकरमध्ये वूफर आणि वरचे स्वर देणारा छोटा ट्वीटर यांची वाटणी साधारण २ ते ३ किलोहर्ट्झवर होते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर, मंद्र पंचम सुमारे १०४ हर्ट्झवर. म्हणजे गळ्याचा जवळजवळ सगळा ऐवज वूफरकडेच असतो. वूफर पूर्ण बंद असेल तर तानपुऱ्याच्या जवारीची झिलई, तबल्याची चाट आणि 'स', 'श' यांची फुंकर एवढंच ऐकू येतं. हे ऐकू येत असेल तर ट्वीटर चालू आहे, म्हणजे अँप्लिफायरचा तो चॅनल आणि केबल दोन्ही ठीक आहेत. दोष डब्याच्या आत किंवा डब्याच्या पाठीवर आहे.

डब्याची पाठ म्हणायचं कारण बाय-वायर टर्मिनल. वॉर्फडेलसारख्या कित्येक विलायती बुकशेल्फ जोड्यांच्या मागे दोनऐवजी चार टर्मिनल असतात. वरची जोडी ट्वीटरची, खालची वूफरची, आणि दोन्ही जोडणाऱ्या पितळी किंवा सोनेरी पट्ट्या. आधीच्या मालकानं पट्ट्या काढून ठेवलेल्या असतात, किंवा टेम्पोतून येताना स्क्रू सैल होऊन पडलेल्या असतात. मग वायर वरच्या जोडीला लावली की फक्त ट्वीटर वाजतो आणि वूफर 'मेला' अशी बातमी होते. १.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचे १० सेंटिमीटरचे दोन तुकडे घ्या, लाल ते लाल आणि काळा ते काळा जोडा. पट्टी जागेवर असेल तरी तिच्या खालचा काळा पडलेला थर बारीक सँडपेपरनं साफ करा. या एका तपासणीनं वाचू शकले असते असे वूफर बाजारात जाऊन कोन बदलून येतात, हे फार वाईट आहे.

ट्वीटरही बंद असेल तर प्रश्न वेगळा. अँपच्या मागे डावी-उजवी वायर अदलाबदल करा. शांतता दुसऱ्या स्पीकरवर गेली तर दोष अँपमध्ये: स्पीकर रिलेचे काळे पडलेले संपर्क, ए-बी स्विच, बॅलन्सची नॉब, किंवा जुन्या अँपमध्ये हेडफोन जॅकच्या आतली पत्ती. शांतता त्याच स्पीकरवर राहिली तर मल्टिमीटर काढा.

मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा लिहून ठेवा (बहुधा ०.२ ते ०.५) आणि तो पुढच्या प्रत्येक रीडिंगमधून वजा करा. केबल काढून वूफरच्या टर्मिनलवर मोजा. ८ ओहमचा वूफर मीटरवर साधारण ५.५ ते ७ दाखवतो, ६ ओहमचा ४.५ ते ५.२, ४ ओहमचा ३ ते ३.८. मागच्या टर्मिनलवरून मोजताना क्रॉसओव्हरच्या इंडक्टरचे (तारेच्या गुंडाळीचे) आणखी काही दशांश ओहम मिळतात, ते धरून चला. ट्वीटरच्या जोडीवर मीटर 'ओपन' (वाट खंडित) दाखवतो. तिथे वाटेत कपॅसिटर असतो आणि तो डीसी अडवतो, म्हणून ते रीडिंग बरोबरच आहे. त्यावरून ट्वीटर गेला असं ठरवू नका.

वूफरच्या जोडीवर 'ओपन' आलं तर टर्मिनलपासून कॉइलपर्यंत कुठेतरी वाट तुटली आहे. अर्धा-एक ओहम आला तर दोन शक्यता: कॉइल जळून तिचे वेढे आपसात शॉर्ट झाले, किंवा वूफरला समांतर बसवलेला क्रॉसओव्हरचा कपॅसिटर शॉर्ट झाला. दुसऱ्या शक्यतेत वूफर अगदी धडधाकट असतो. सिग्नल त्याच्यापर्यंत पोचायच्या आत जमिनीला जातो आणि अँप वारंवार प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला बंद करतो. आणि रीडिंग बरोबर येऊनही आवाज नसेल तर कोन अडकलेला आहे. त्याकडे पुढे येऊ.

आता वूफर बाहेर काढा. डबा पाठीवर आडवा ठेवा, उभ्या डब्यातून वूफर काढताना तो लटकतो आणि वायर ओढल्या जातात. स्क्रू बहुधा फिलिप्स किंवा ४ मिलिमीटर अॅलन. एक हात कोनवर आडवा धरा: मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर खेचतो आणि कोनला भोक पडायला एक झटका पुरतो. गॅस्केट चिकटलेलं असेल तर प्लास्टिकच्या पट्टीनं एका बाजूनं हळूहळू उचला, धातूचं पातं घालू नका. कोणती वायर कुठल्या पिनवर होती याचा फोटो घ्या. पुष्कळ वूफरना प्लस पिन रुंद आणि मायनस अरुंद असते, पण सगळ्यांना नाही.

पिना मोकळ्या करून थेट वूफरवर मोजा. इथे ६ ओहम आला आणि मागच्या टर्मिनलवर 'ओपन' होतं, तर वूफर निर्दोष आहे. बोर्डावरच्या इंडक्टरच्या पायाशी बघा. जड इंडक्टर वर्षानुवर्षं थरथरतो आणि त्याच्या डागाभोवती केसाएवढं गोल वर्तुळ फुटतं. जुनं कथिल उपसून नवा डाग द्या आणि इंडक्टरला बुडाशी गरम गोंदाचा टेकू द्या. काही स्पीकरमध्ये संरक्षणासाठी छोटा बल्ब किंवा पॉलीफ्यूज वाटेत असतो, तोही इथेच तपासा.

थेट वूफरवरही 'ओपन' आलं तरी घाई नको. चौकटीवरच्या पिनेपासून कोनपर्यंत जाणारी विणलेली मऊ वायर, म्हणजे लीड वायर, हालचालीनं थकून बहुधा कोनजवळच्या वळणावर तुटते. बाहेरून ती अखंड दिसते, कारण आतला दोरा शाबूत असतो. मीटर लावून ठेवा आणि कोन दोन्ही बाजूंनी बोटांनी सारखा दाबत सावकाश आतबाहेर करा. आकडा येत-जात असेल तर दोष लीड वायरचाच. मोठ्या आवाजात मधेच बंद पडून पुन्हा सुरू होणारा वूफर हेच लक्षण दाखवतो. कोनवरच्या काळ्या गोंदाच्या ठिपक्याखाली लीड वायर आणि कॉइलचा सांधा असतो. ठिपका हलक्या हातानं खरवडून सरळ सांध्यावर मोजा. तिथे ६ ओहम मिळाला तर कॉइल जिवंत आहे.

ओहम ठीक असेल तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर लावून बघा. कोननं 'थप्प' करून हलायला हवं, प्लसला प्लस लावल्यावर बाहेरच्या दिशेनं. जुन्या जेबीएल वूफरमध्ये ही दिशा उलटी असते, तिथे दोष समजू नका. सेल धरून ठेवू नका, आणि ९ व्होल्टची बॅटरी वापरू नका.

कोन हलतच नसेल, किंवा हलताना खर्र असा स्पर्श जाणवत असेल, तर तीन कारणं संभवतात. कॉइल तापून तिची नळी (जिच्यावर तार गुंडाळलेली असते ती) फुगली, स्पायडर (कॉइल मध्यावर धरणारी घडीदार चकती) चौकटीपासून सुटून कॉइल कलली, किंवा मॅग्नेट सरकलं. मॅग्नेट सरकणं हे प्रवासातलं दुखणं आहे. फेराइटचं जड कडं चौकटीला गोंदानं चिकटवलेलं असतं, डबा आदळला की गोंद सुटतो, कडं एका बाजूला सरकतं आणि कॉइल फटीत चिमटली जाते. मागून बघितलं तर कडं आणि पुढची पोलादी तबकडी समकेंद्री दिसत नाहीत. अशा वूफरला नवी कॉइल घालून काहीच साधत नाही. मॅग्नेट पुन्हा मध्यावर बसवून चिकटवणारा कारागीर विरळा, आणि यावर खर्च करण्याआधी तसाच दुसरा वूफर शोधणं शहाणपणाचं.

फोमची किनार डोळ्यांनीच कळते. बोट लावलं की भुगा होतो. पॉलियुरेथेन फोमला हवेतला ओलावा आणि उष्णता खातात, दहा-वीस वर्षांत तो संपतो. माळव्यातला कोरडा मे आणि त्यामागून येणारा दमट पावसाळा त्याला मानवत नाही. असा वूफर बंद नसतो, पण फडफडतो आणि बास देत नाही. रबरी किनार याहून खूप टिकते.

आता बाजार. लीड वायर बदलण्याचं काम इथे झटपट आणि नेटकं होतं, कारण डीजेच्या स्पीकरमध्ये हेच रोज तुटतं. अट एकच: विणलेली खरी लीड वायरच लावायची. साधी मल्टीस्ट्रँड वायर लावली तर ती वळणावर काही दिवसांत मोडते. लांबी जुन्याएवढी ठेवायला सांगा. आखूड झाली तर कोनचा पल्ला अडतो, लांब झाली तर ती कोनवर आपटून टिकटिक करते.

कॉइलच्या बाबतीत या बाजाराचं खरं कौशल्य दिसतं, आणि धोकाही तिथेच आहे. चांगला कारागीर डस्ट कॅप (कोनच्या मधली टोपी) सोडवतो, किनार आणि स्पायडर न फाडता मोकळे करतो, जुनी कॉइल मोजतो आणि तशीच बांधतो किंवा तशीच शोधतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: "पुराना कोन और स्पायडर ही वापस चढ़ाओगे?" उत्तर चटकन 'हो' आलं आणि पाठोपाठ किती दिवस लागतील हेही आलं तर काम तिथे द्या. "नया डाल देते हैं, टनाटन बजेगा" असं आलं तर वूफर उचला.

मोजमापं आपणच कागदावर लिहून द्या. जोडीतल्या चालू वूफरचा डीसी ओहम, कॉइलचा व्यास (साडेसहा इंची हाय-फाय वूफरमध्ये बहुधा २५ मिलिमीटरच्या आसपास), थर दोन की चार, वेढ्यांची उंची, नळी कॅप्टॉनची (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकची), अॅल्युमिनियमची की कागदाची. यातल्या कॉइलच्या गोष्टी उघडल्यावर कारागिरानं जळक्या कॉइलवरून घ्यायच्या आहेत, तेव्हा जुनी कॉइल परत हवी हे आधीच सांगा. उंची महत्त्वाची का? वेढे मॅग्नेटच्या फटीच्या वर आणि खाली सारखे राहायला हवेत. रेडीमेड कॉइल दोन मिलिमीटर खोल बसली तरी मागे जायचा पल्ला कमी होतो आणि मोठ्या ठोक्याला नळी मागे आपटते. मध्य साधण्यासाठी कारागीर एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कॉइलच्या आत घालतात. हा बाजारातला जुना मार्ग अगदी योग्य आहे, फक्त गोंद पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे २४ तास, पट्ट्या आत राहायला हव्यात. दोन तासांत परत मिळालेला वूफर घेऊ नका. थिनर रबरी किनारीला लागला तर ती फुगते, हेही शब्दांत सांगून ठेवा.

चालू वूफर दुकानात सोडून येऊ नका. नमुना म्हणून दाखवा आणि परत न्या.

फोमच्या रिंगा इथे मिळतात, पण मुख्यतः कार सबवूफर आणि होम थिएटरच्या मापाच्या. बाहेरचा व्यास जुळतो आणि घडीची रुंदी जुळत नाही, मग किनार ताणलेली बसते. रिंग आपणच मागवा: बाहेरचा व्यास, कोनच्या कडेचा व्यास, घडीची रुंदी आणि कड सपाट की तिरकी, ही चारही मापं जुळवून. फोमच्या जागी रबर टिकाऊ म्हणून लावून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. रबर जड असतं, आणि दोन्ही वूफरचा स्वभाव बदलतो. रिंगा दोन्ही स्पीकरच्या एकदमच बदला. पॉलीप्रोपिलीनच्या गुळगुळीत कोनवर साधा सिंथेटिक गोंद धरत नाही, आधी प्रायमर लागतो. तो दुकानात आहे का विचारा. इन्स्टंट ग्लू इथे चालत नाही, कारण तो कडक होतो आणि सरकवून मध्य साधायला वेळ देत नाही.

पूर्ण कोन-कॉइलला नकार का, तर आकड्यांमुळे. साडेसहा इंची हाय-फाय वूफरची नैसर्गिक कंपनसंख्या साधारण ३५ ते ५५ हर्ट्झ असते. डब्याचं आकारमान आणि पोर्टची (डब्यातल्या हवेच्या नळीची) लांबी त्याच आकड्यावर बेतलेली. बाजारातला कडक कागदी कोन, कापडी घडीची किनार आणि ताठ स्पायडर बसला की ती कंपनसंख्या ८०-१०० हर्ट्झवर जाऊ शकते. बायाँची (डग्ग्याची) घीस मग गुंजत नाही, नुसती ठोकल्यासारखी येते. शिवाय मधला पट्टा मोठा होतो, कारण क्रॉसओव्हर मूळ कोनच्या उताराला धरून केलेला असतो. एक स्पीकर एका आवाजाचा, दुसरा दुसऱ्या. हे नंतर कोणत्याही टोन कंट्रोलनं दुरुस्त होत नाही.

क्रॉसओव्हरसाठी बाजारात जायचं ते फक्त सुटे भाग आणायला. दुरुस्तीला दिला तर तयार टू-वे प्लेट बसवून मिळण्याची भीती असते, आणि ती प्लेट कुठल्याही वूफरसाठी बनलेली नसते. शॉर्ट झालेला कपॅसिटर तेवढाच बदला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि प्रकार नॉन-पोलर. साधा प्लस-मायनसवाला इलेक्ट्रोलिटिक तिथे टिकत नाही.

वेळही बघा. गणपती, अनंत चतुर्दशीच्या झाँक्या (चित्ररथ), नवरात्र, लग्नसराई आणि रंगपंचमीच्या गेरीच्या (मिरवणुकीच्या) आधीचे आठवडे टाळा. डीजेवाल्यांची रांग असते, आणि तुमच्या वूफरचा गोंद वाळायला कुणाकडे वेळ नसतो. दर वूफरच्या आणि कॉइलच्या आकारावर ठरतो. "जुना कोन ठेवून" असा दर स्वतंत्र विचारा आणि पावतीवर तेच शब्द लिहून घ्या.

वूफर परत घेताना काउंटरवरच मीटर लावा. जोडीतल्या दुसऱ्यापेक्षा डीसी ओहम पाच टक्क्यांहून जास्त वेगळा नको. सेल लावून दिशा बघा, लीड उलट्या जोडल्या गेल्या असतील तर दोन्ही स्पीकर मिळून बास खातात. बोटांनी कोन दाबून घासणी तपासा.

घरी आल्यावर खरी परीक्षा: अँप्लिफायर, १०० ओहमचा १ वॅटचा रेझिस्टर, त्याच्यापुढे डब्याबाहेरचा वूफर, आणि फोनवर टोन जनरेटर. अँपमधून साधारण २ व्होल्ट येतील एवढाच आवाज ठेवा. वूफर उभा धरा, मॅग्नेटमागचं छिद्र झाकू नका. २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू वर जात वूफरच्या पिनांवरचा एसी व्होल्टेज बघा. तो जिथे सर्वाधिक होतो ती त्याची नैसर्गिक कंपनसंख्या. दुसऱ्या वूफरचीही काढा. दहा टक्क्यांच्या आत फरक असेल तर काम उत्तम. यासाठी मीटरवर एसीची २ व्होल्टची किंवा ऑटो रेंज हवी, स्वस्त मीटरची २०० व्होल्टची रेंज इथे काही सांगत नाही. नव्या फोमला काही तास वाजवल्यावर मोजा, सुरुवातीला तो ताठ असतो.

मग दोन्ही स्पीकर मोनोवर लावून विलंबित ख्यालाची एखादी रेकॉर्ड ऐका. इंदूर घराण्याचे उस्ताद अमीर खाँ विलंबित झुमऱ्यात गातात तेव्हा तबला मोकळ्या जागेत वाजतो आणि आवाज मंद्रात रेंगाळतो. वूफर तपासायला याहून चांगलं साधन नाही. गळा बरोबर मध्यभागी उभा राहिला आणि मंद्रात जाताना कडेला सरकला नाही, तर जोडी पुन्हा जुळली.

पण हे ऐकण्यासाठी स्पीकर जोडायच्या आधी अँप तपासा, ही पायरी बाजारात कुणी सांगत नाही. अँप चालू, स्पीकर काढलेले, आवाज शून्यावर. मीटर डीसीवर ठेवून प्रत्येक चॅनलच्या प्लस-मायनसमध्ये मोजा. ५० मिलीव्होल्टच्या आत ठीक. १००च्या वर संशयास्पद. आकडा व्होल्टमध्ये आला तर बहुधा आऊटपुट ट्रान्झिस्टर गेला आहे, जुनी कॉइलही बहुधा त्यानंच जाळली, आणि आज बांधून आणलेली कॉइलही काही सेकंदांत जळेल. आधी अँप दुरुस्तीला द्या, वूफर तोवर डब्याबाहेरच ठेवा.